रॉजर बॅनिस्टर यांनी पंचविसाव्या वर्षी धावणे का थांबवले?

वाटसरू :
एक मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत धावून पूर्ण करणारा पहिला माणूस म्हणून रॉजर बॅनिस्टर यांचे नाव आपण सर्वांनी वाचलेले असते. 6 मे 1954 रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड ट्रॅकवर त्यांनी 3 मिनिटे 59.4 सेकंदांची वेळ नोंदवली, ऑगस्टमध्ये व्हँकुव्हरला ऑस्ट्रेलियाचे धावपटू जॉन लँडी यांना हरवले, त्याच महिन्यात बर्नला 1500 मीटरचे युरोपीय अजिंक्यपदही मिळवले आणि वर्ष संपताना स्पर्धात्मक धावणे कायमचे सोडून दिले. तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते आणि मेलबर्न ऑलिंपिक दोन वर्षांवर आले होते. मराठीत त्यांच्याविषयी जे लेख वाचनात आले, त्यांत शर्यतीचे वर्णन भरभरून असते. वैद्यकीय आयुष्याची बोळवण मात्र ‘पुढे ते नामवंत डॉक्टर झाले’ एवढ्या वाक्यात केलेली असते. पंचवीस ते अठ्ठ्याऐंशी या वयात त्यांनी नेमके काय केले आणि त्यासाठी धावणे सोडणे खरोखर अपरिहार्य होते का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

मैदानप्रेमी :
अपरिहार्यच होते, असे माझे मत आहे. त्या काळातील धावपटू हौशी असत. धावण्याचे पैसे मिळत नसत आणि घेतले तर स्पर्धेतून बाद व्हावे लागे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात शिकत असताना बॅनिस्टर दुपारच्या जेवणाच्या सुटीत जवळच्या पॅडिंग्टन मैदानावर जाऊन सराव करीत. 1953-54 च्या हिवाळ्यात 440 यार्डांच्या (म्हणजे पाव मैलाच्या) दहा धावा, दोन धावांच्या मध्ये दोन मिनिटांची विश्रांती, असा त्यांचा क्रम होता. प्रत्येक धावेला सुरुवातीला 66 सेकंद लागत. एप्रिलपर्यंत ही वेळ 61 वर आली आणि तिथेच अडली. तेव्हा ते काही दिवस स्कॉटलंडमध्ये गिर्यारोहणाला गेले आणि परतल्यावर 59 सेकंदांत धावू लागले. विद्यार्थी असेपर्यंत दिवसातून एवढा वेळ काढता येत होता. त्याच वर्षी ते डॉक्टर झाले, आणि रात्रपाळ्या करणाऱ्या नवशिक्या डॉक्टरला तेवढाही वेळ मिळत नाही. विक्रमाच्या दिवशीसुद्धा सकाळी ते रुग्णालयातच होते. तेथील प्रयोगशाळेत त्यांनी बुटांचे खिळे घासून घेतले आणि मग ऑक्सफर्डची गाडी पकडली.

मात्र त्या काळी डॉक्टरांना चार मिनिटांच्या आत मैल धावणे शरीरशास्त्रदृष्ट्या अशक्य वाटत होते, ही दंतकथा कृपया पुढे पसरवू नये. स्वीडनच्या गुंडर हेग यांनी 1945 मध्येच 4 मिनिटे 1.4 सेकंद ही वेळ नोंदवली होती. पुढची जवळजवळ नऊ वर्षे तो विक्रम टिकला, हे खरे. पण उरलेले दीड सेकंद मानवी देहाच्या आवाक्याबाहेरचे आहेत असे मानण्याला कोणताही वैद्यकीय आधार नव्हता, आणि बॅनिस्टर हे तर इतरांहून अधिक जाणून होते.

निवासी डॉक्टर :
वरील प्रतिसादातील शेवटचे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते. ऑक्सफर्डमध्ये त्यांनी व्यायाम आणि श्वसन यांवर संशोधन केले होते. यांत्रिक पट्ट्यावर माणसाला थकून थांबेपर्यंत धावायला लावायचे आणि श्वासातील प्राणवायूचे प्रमाण बदलून परिणाम मोजायचा, असे ते प्रयोग होते. अशा प्रयोगांत ते स्वतःही धावले. वेग जितका समान राखला जाईल तितका प्राणवायू कमी खर्च होतो, हे ओळखूनच त्यांनी शर्यतीची आखणी केली. त्या दिवशीच्या चार फेऱ्यांच्या वेळा 57.5, 60.7, 62.3 आणि 58.9 सेकंद अशा होत्या. ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे या सहकारी धावपटूंनी आळीपाळीने पुढे राहून वेग सांभाळला, तरी तिसरी फेरी मंदावलीच, आणि ती कसर त्यांना शेवटच्या फेरीत एकट्याने भरून काढावी लागली.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. बॅनिस्टर न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदू व मज्जातंतूंच्या विकारांचे तज्ज्ञ, झाले आणि स्वायत्त मज्जासंस्था, म्हणजे रक्तदाब, हृदयाचे ठोके अशा गोष्टी आपोआप सांभाळणारी यंत्रणा, हा त्यांचा मुख्य विषय राहिला. आपण उठून उभे राहतो तेव्हा सुमारे अर्धा लिटर रक्त पायांकडे व पोटाकडे उतरते. त्याच क्षणी रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हृदयाचे ठोके वाढतात, म्हणून आपल्याला भोवळ येत नाही. ही व्यवस्था कोलमडलेले रुग्ण नुसते उभे राहिले तरी कोसळतात. पूर्वी अशा अनेकांची ‘अशक्तपणा’ म्हणून बोळवण होत असे. बॅनिस्टर यांनी या रुग्णांच्या तपासणीला शिस्त आणली. 1972 मध्ये डेव्हिड ओपनहायमर या सहसंशोधकासह त्यांनी स्वायत्त यंत्रणा निकामी करणाऱ्या मेंदूच्या ऱ्हासविकारांवर लिहिलेला शोधनिबंध आणि 1983 मध्ये त्यांच्या संपादनाखाली आलेला या विषयाचा ग्रंथ, ही माझ्या मते त्यांची खरी मिळकत आहे. स्वतः त्यांनाही मैलाच्या विक्रमापेक्षा वैद्यकीय कामाचा अभिमान अधिक होता, आणि ते ही गोष्ट वारंवार सांगत. त्यांचा विक्रम लँडी यांनी अवघ्या 46 दिवसांत मोडला, तर त्यांचे वैद्यकातील काम आजही आमच्या उपयोगी पडते.

ईशान्यवेध :
या संदर्भात आपल्या देशातील डॉ. तालिमेरेन आओ यांचे स्मरण व्हावे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार होते आणि संचलनात भारताचा ध्वजही त्यांच्याच हाती होता. वडिलांचे 1935 मध्ये विषमज्वराने निधन झाले. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, ही त्यांची इच्छा होती. आओ मोहन बागानकडून खेळत असतानाच कोलकात्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आर. जी. करमध्ये, शिकत होते. 1950 मध्ये पदवी मिळाल्यावर ते ईशान्येकडे परतले आणि पुढे नागालँडच्या आरोग्यसेवेचे संचालक झाले. त्यांच्याही बाबतीत खेळ सोडणे हा त्याग होता असे मला वाटत नाही, कारण वैद्यकीचा निश्चय खेळातील कीर्तीच्या आधीचा होता.

वाटसरू :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न राहतो : पुढे बॅनिस्टर यांचा खेळाशी काही संबंध उरला होता का?

निवासी डॉक्टर :
होय. 1971 ते 1974 या काळात ते ब्रिटनच्या क्रीडा परिषदेचे अध्यक्ष होते. खेळाडू घेत असलेली अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स (स्नायू वाढवणारी औषधे) ओळखण्याची चाचणी त्या काळात त्यांच्या पुढाकाराने विकसित झाली. त्यांचे स्वतःचे हौसेखातर धावणे मात्र 1975 मधील मोटार अपघातात घोट्याला झालेल्या दुखापतीने कायमचे थांबले. उतारवयात त्यांना पार्किन्सन झाला, आणि 2014 मध्ये त्यांनी तो स्वतःहून जाहीर केला.