यिन्न्यांगची भिक्षुणी तिची गुरू नव्हती

अनघड

तांग काळातली न्ये यिन्न्यांगची गोष्ट परत वाचली आणि त्यातल्या एका प्रसंगाने मला सोडलंच नाही. माझं मत मांडते. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर लिहावं.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नवव्या शतकातली, पेइ शिंगच्या नावावर असलेली ही चिनी कथा. वेइबो प्रांतातला सेनापती न्ये फंग, त्याची दहा वर्षांची मुलगी यिन्न्यांग. दारात भिक्षेला आलेली एक भिक्षुणी मुलीला बघते आणि 'ही मला द्या' म्हणते. बाप भडकतो. ती म्हणते, लोखंडी पेटीत कोंडून ठेवलीत तरी चोरून नेईन. त्याच रात्री मुलगी नाहीशी होते. आईबाप पाच वर्षं एकमेकांकडे बघून रडतात. मग एक दिवस भिक्षुणी मुलीला आणून सोडते: हिचं शिक्षण पुरं झालं, घ्या परत.

शिक्षण कसलं, ते मुलगीच बापाला सांगते. निर्मनुष्य डोंगरातली गुहा, तिच्याच वयाच्या आणखी दोन मुली. आधी कडे चढायचे. मग माकडं मारायची, मग वाघ-बिबटे, मग आकाशातले ससाणे. तलवारीचं पातं सुरुवातीला दोन फुटी, ते हळूहळू कमी होत जातं. चौथ्या वर्षी भिक्षुणी तिला शहरात नेते, एक माणूस दाखवते, त्याचे अपराध एकेक करून सांगते आणि म्हणते, मन घट्ट कर, पाखरू मारण्याइतकं सोपं आहे. भर बाजारात, दिवसाउजेडी ती त्याचं मुंडकं उतरवते, कुणाला पत्ता लागत नाही.

पाचव्या वर्षी पाळी येते एका बड्या अधिकाऱ्याची. मुलगी दाराच्या फटीतून आत शिरते, तुळईवर पडून राहते, आणि मुंडकं घेऊन परतते ती पार अंधार पडल्यावर. भिक्षुणी संतापते: एवढा उशीर? मुलगी म्हणते, तो एका लहान मुलाशी खेळत होता, मूल गोड होतं, लगेच हात उचलवेना. त्यावर मिळालेला धडा असा: यापुढे असा कुणी भेटला तर आधी त्याचं जे लाडकं असेल ते संपव, मग त्याला.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ही गुरू-शिष्येची गोष्ट म्हणून आपण वाचतो ते चूक आहे. ही पळवून नेलेल्या मुलीची गोष्ट आहे. शिकवण्याचा क्रम बघा. सुरुवात माकडापासून, म्हणजे ज्याला हात आहेत, चेहरा आहे, जे माणसासारखं ओरडतं त्याच्यापासून. शेवट पाखरापाशी. आणि मग माणूस समोर आणून सांगायचं की हाही पाखरूच. दहा वर्षांच्या मुलीतून दया अशी थराथराने खरवडून काढली जाते. तरीही ती तुळईवर थांबली. मला त्या थांबण्यात तिचं उरलेलं माणूसपण दिसतं, आणि भिक्षुणीला त्यात फक्त उशीर दिसला.

---

पश्चिमवारा

सपशेल असहमत.

तुम्ही मुलीला वेइबोमधून उचलून आजच्या घरात आणून बसवलीत. वेइबो काय होतं? 755 साली तांग सम्राटाविरुद्ध सेनापती आन लुशानचं बंड झालं, ते 763 ला संपलं, आणि शरण आलेल्या बंडखोर सरदारांनाच उत्तरेकडचे प्रांत तोडून दिले. वेइबो त्यातलाच एक. तिथे त्येन घराण्याने पिढ्यान् पिढ्या सत्ता बापाकडून मुलाकडे दिली, सम्राटाला नुसतं कळवायचं. तांग राजघराण्याने आपली राजकन्या जियाचंग याच घराण्यात दिली, ते घराणं शांत राहावं म्हणून. राजकन्येची ही गत, तर सेनापतीच्या मुलीची काय असणार? तेराव्या-चौदाव्या वर्षी दुसऱ्या सेनापतीच्या घरी रवानगी, आणि दोन घरांचं फाटलं की मधल्यामध्ये हिचं मरण.

आता ती परत आल्यावर काय करते ते बघा. आरसे घासून देणारा एक तरुण दाराशी येतो. ती म्हणते, हा माझा नवरा होऊ शकेल. बाप निमूटपणे लग्न लावून देतो. नवऱ्याला आरसे घासण्यापलीकडे काही येत नाही, म्हणून खाण्यापिण्याचंही बापच बघतो. त्या काळात सेनापतीच्या कोणत्या मुलीला दाराशी आलेल्या कारागिराकडे बोट दाखवून 'हा' म्हणता आलं असतं? ही ताकद तिला आईबापाने दिली नाही, भिक्षुणीने दिली. पळवलं, मान्य. पण बापाच्या घरात ती सुरक्षित होती हे गृहीतकच मला पटत नाही.

---

अनघड

पश्चिमवारा, वेइबोबद्दल तुम्ही लिहिलंत ते सगळं मान्य. पण बाप निमूट का राहिला? कथा सांगते की मुलीची हकीकत ऐकून तो घाबरला. रात्री ती गायब व्हायची आणि उजाडता परतायची, आणि विचारायची त्याची हिंमत नव्हती. हळूहळू त्याची मायाही आटली, हेही कथेत आहे. पोटच्या पोरीला बाप भितो, म्हणून ती मनासारखं लग्न करते. याला मोकळीक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि नवऱ्याच्या निवडीबद्दल. तेव्हाचे आरसे काशाचे. काही महिन्यांत काळवंडायचे, म्हणून घासणारे दारोदार फिरायचे. म्हणजे ज्याचं सगळं कौशल्य समोरच्याला स्वतःचा चेहरा नीट दिसावा एवढ्यासाठीच आहे, असा माणूस. त्याच्या हातात शस्त्र नाही, त्याला कुठल्याच सरदाराशी देणंघेणं नाही. गुहेतून आलेल्या मुलीने नेमका हाच निवडला, यात मला तिची भूक दिसते. साध्या घराची भूक.

---

शाईपेन

दोघांनीही एक गोष्ट सोडली. भिक्षुणीने मारायला सांगितलेली माणसं कोण होती? पहिल्याचे अपराध ती सांगते. दुसऱ्याने कितीतरी निरपराध लोकांचा बळी घेतला आहे. आणि या कामाचे ती कुणाकडून पैसे घेत नाही.

याच काळातले खरे मारेकरी बघा. 815 मध्ये तांगचा महामंत्री वू युआनहंग पहाटेच्या अंधारात दरबाराला निघाला होता. राजधानी चांगआनच्या रस्त्यात मारेकऱ्यांनी गाठून त्याला ठार केलं. त्याच पहाटे पेइ दू या दुसऱ्या अधिकाऱ्यावरही हल्ला झाला. तो वाचला तो डोक्यावरच्या जाड नमद्याच्या टोपीमुळे. का मारलं? तर हे दोघे बंडखोर प्रांतांवर सैन्य पाठवण्याच्या बाजूने होते म्हणून. तेव्हाचा मारेकरी म्हणजे सरदाराने पोसलेला हात. त्या जगात एक बाई कुणाच्याही पदरी न राहता, ज्यांना कुठलंच न्यायासन हात लावू शकत नाही अशांना शिक्षा देते. पद्धत क्रूर आहे, पण कथेने तिच्या हाती न्याय दिला आहे, आणि लोकांनी ही गोष्ट हजार वर्षं जपली ती त्यासाठी.

---

अनघड

शाईपेन, अपराध सांगितले कुणी? भिक्षुणीने. तपासले कुणी? कुणीच नाही. बाजारातल्या त्या पहिल्या माणसाने नेमकं काय केलं होतं, ते वाचकालाही कळत नाही. 'अपराध एकेक करून सांगितले' एवढंच वाक्य आहे. चौदा वर्षांच्या मुलीला जे सांगितलं ते तिने खरं मानलं. आणि धरून चालू की अधिकारी सर्वस्वी दोषी होता. त्याच्या मांडीवरच्या मुलाचा अपराध काय? 'आधी लाडकं संपव' हे शिकवणारीला न्याय करणारी म्हणायचं, तर ज्याने निरपराधांचे बळी घेतले म्हणून त्या अधिकाऱ्याला मारलं, त्याच्यात आणि हिच्यात फरक काय उरला?

---

तिसरी घंटा

मी कथेच्या बाजूने, म्हणजे भिक्षुणीच्या बाजूने बोलतो. कथेतला हा कामाचा धडा आहे आणि कामाचा धडा म्हणूनच तो वाचावा.

प्राचीन चिनी इतिहासकार सिमा छिएनने मारेकऱ्यांची चरित्रं लिहिली आहेत. त्यात जिंग कच्या सोबतीला दिलेला छिन वूयांग आठवा. तेराव्या वर्षी माणूस मारलेला पोरगा. येन राज्यात त्याच्याकडे डोळे वर करून बघायची कुणाची छाती नव्हती. ख्रिस्तपूर्व 227 मध्ये दोघं छिनच्या राजाला मारायला गेले. जिंग कच्या हातात मुंडक्याची पेटी, छिन वूयांगच्या हातात नकाशाची, आणि त्या नकाशातच गुंडाळलेला खंजीर. सिंहासनाच्या पायऱ्यांपाशी पोचताच या शूर पोराचा चेहरा उतरला, तो थरथर कापू लागला. दरबारी संशयाने बघू लागले, तेव्हा जिंग कला हसून सारवासारव करावी लागली, की उत्तरेकडचा गावंढळ आहे, राजा कधी पाहिलेला नाही. पुढे सगळा बेत फसला आणि जिंग क जिवानिशी गेला.

त्या पोराकडे धाडस होतं, शिक्षण नव्हतं. भिक्षुणी नेमकी तीच फट बुजवत होती. तुळईवर थांबलेली मुलगी पकडली गेली असती तर? वरची सावली त्या मुलाला दिसली असती तर? ज्या धंद्यात क्षणभर थांबणं म्हणजे मरण, तिथे थांबू नकोस हे सांगणं हीच गुरूची माया. आणि यिन्न्यांग काय करते? वाकून नमस्कार करून आभार मानते. तिला धडा कळला होता. तुम्हाला तो मानवत नाही म्हणून तो तिचाही नव्हता असं नका म्हणू.

---

सायली_वाचते

तिसरी घंटा, त्या नमस्काराबद्दल.

मी लहान मुलांसोबत काम करते, जास्त तपशील लिहिणार नाही. पाच वर्षं ज्या मोठ्या माणसाच्या हातात मुलाचं खाणं-पिणं-झोपणं होतं, त्या माणसासमोर मूल काय करतं ते मी पाहिलं आहे. ते आभार मानतं. मार खाऊन झाल्यावर आभार मानतं. तो नमस्कार पुरावा म्हणून वापरू नका.

त्यानंतर लगेच काय होतं ते तर कुणी लिहिलंच नाही. भिक्षुणी म्हणते, तुझं डोकं मागून उघडते, त्यात खंजीर लपवते, तुला इजा होणार नाही, हवा तेव्हा काढ. आणि मग, जा घरी. शस्त्र कायमचं तिच्या शरीरात ठेवून तिला घरी पाठवलं जातं. अनघड, तुमच्या बाजूने यापेक्षा मोठा मुद्दा मला सापडत नाही.

---

पश्चिमवारा

एक इशारा. इथे बऱ्याच जणांच्या मनात कथा नसून याच कथेवरचा 2015 चा होऊ श्याओशेनचा सिनेमा आहे असं वाटतं, ज्यासाठी त्याला कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. सिनेमातली यिन्न्यांग मुलाला बघून अधिकाऱ्याला सोडून देते, रिकाम्या हाताने परतते. कथेतली मुंडकं घेऊन परतते. तिची दया तिला संध्याकाळपर्यंत थांबवते, पुढे नाही. तुमचं 'उरलेलं माणूसपण' त्या अधिकाऱ्याच्या काही कामी आलं नाही.

पुढचंही बघा. बाप वारल्यावर वेइबोचा सरदार तिला सोनं आणि रेशीम देऊन पदरी ठेवतो आणि दुसऱ्या प्रांताचा सरदार ल्यू छांगयी याचं मुंडकं आणायला पाठवतो. ल्यूला आधीच सुगावा लागलेला असतो, तो माणूस पाठवून नवरा-बायकोचं आदराने स्वागत करतो. ती तिथल्या तिथे बाजू बदलते. का? ती स्वतः सांगते, वेइबोचा सरदार याच्या तोडीचा नाही. हा हिशेब आहे. दया नाही.

---

अनघड

हिशेब असेल. पण तो तिचा स्वतःचा आहे, हेच मी म्हणतेय. ल्यू विचारतो काय हवं, तर ती दिवसाला फक्त दोनशे नाणी मागते. सोनं-रेशीम देणाऱ्याला सोडून.

आणि त्यानंतर ती काय काम करते? राखण. वेइबोहून पाठवलेला मारेकरी जिंगजिंगर रात्री येतो, त्याला ती मारते. त्याच्याहून भारी कोंगकोंगर येणार म्हटल्यावर ल्यूच्या गळ्याला खोतानचं जेड गुंडाळायला लावते आणि स्वतः चिलट होऊन त्याच्या पोटात लपते. मध्यरात्री गळ्यावर खणकन वार बसतो आणि ल्यू वाचतो. एका झोपलेल्या माणसाचा जीव वाचवायला ती रात्रभर जागते. गुहेतून परतल्यावर कथेत तिने कुणाचं 'लाडकं' आधी संपवलं असं एकही ठिकाण मला दाखवा. भिक्षुणीचा तो धडा तिने कधीच वापरला नाही.

---

तिसरी घंटा

वापरायची वेळ आली नाही, एवढंच सिद्ध होतं. जिंगजिंगरचं प्रेत तिने औषधाने पाणी करून टाकलं, केसही उरला नाही. ती युक्ती भिक्षुणीचीच. बाजारातल्या मुंडक्याचंही तिने असंच पाणी केलं होतं. ल्यूची राखण तिला करता आली ती मारेकरी कसा येतो, कुठून येतो, एकदा चुकला तर परत येतो की नाही हे माहीत होतं म्हणून. कोंगकोंगर एका वारात चुकला की लाजेने निघून जातो, परत येत नाही, हे ज्ञान आभाळातून पडलं नाही. तुम्ही शिक्षण नाकारता आणि त्याची फळं मात्र शिष्येच्या नावावर लिहिता.

---

शाईपेन

माझं मत थोडं हललं आहे, पण अनघडच्या बाजूला नाही. भिक्षुणी निरोप देताना म्हणते की वीस वर्षांनी आपली एकदा भेट होईल. कथा पुढे बरीच वर्षं चालते. 813 मध्ये ल्यू राजधानीला निघतो तेव्हा यिन्न्यांग त्याच्यासोबत जात नाही. नवऱ्याच्या पोटापाण्याची सोय मागून घेते आणि डोंगर-नद्यांकडे निघते. ल्यू मेल्यावर गाढवावर बसून राजधानीत येते, त्याच्या शवपेटीसमोर रडते, परत जाते. 836 नंतर कधीतरी त्याच्या मुलाला शू प्रदेशातल्या कड्यांवरच्या फळ्यांच्या वाटेवर भेटते, चेहरा तसाच तरुण. नोकरी सोडून घरी जा नाहीतर संकट येईल, असं त्याला बजावते, औषधाची गोळी देते. तो ऐकत नाही, आणि वर्षभराने मरतो.

एवढं सगळं आहे, पण भिक्षुणीची ती भेट कथेत कुठेच नाही. मी ती भेट झाली असं धरून चालतो. डोंगरात ती जाते कुणाकडे, याचं दुसरं उत्तर मला दिसत नाही.

---

अनघड

मला दिसतं. कथेत ती सिद्ध पुरुषांच्या शोधात जाते असं म्हटलंय, भिक्षुणीच्या शोधात नाही. आणि शेवटची भेट ज्याच्याशी होते तो तिने वाचवलेल्या माणसाचा मुलगा आहे. ज्या माणसाला मारायला तिला पाठवलं होतं, त्याच्याच मुलाला वाचवायला ती आपणहून येते. तिसरी घंटा, तुमच्या मुद्द्यावर विचार करतेय, विशेषतः पाणी करण्याच्या औषधावर. पण 'गुरू' हा शब्द मी तरीही मागे घेते तो घेतेच.