मदत हवी आहे: बालपणीची प्रतिकूलता, सामाजिक आधार आणि मेंदूतली जोडणी – आकडे उलटे येताहेत (मंचावरची चर्चा; अनुबंध, प्रश्नावली, व्हॉक्सेल, त्रैराशिक ही सदस्यांची टोपणनावं)

अनुबंध:

नमस्कार. लहानपणी जे सोसलं त्याचा मेंदूतल्या कनेक्टिव्हिटीशी (जोडणी, म्हणजे दोन भागांचे सिग्नल किती एकत्र चढतात-उतरतात) जो संबंध दिसतो, तो सामाजिक आधारामुळे बदलतो का, हे बघायचं आहे. विदा अशी: वय १८ ते २५, एकूण ८४ जण. बालपणीच्या छळ-दुर्लक्षासाठी २८ प्रश्नांची सीटीक्यू प्रश्नावली, आज जाणवणाऱ्या आधारासाठी १२ प्रश्नांची एमएसपीएसएस. रेस्टिंग स्टेट एफएमआरआय (विश्रांतीतल्या मेंदूचं स्कॅन) ७ मिनिटं, टीआर (एका प्रतिमेला लागणारा वेळ) २ सेकंद, म्हणजे २१० व्हॉल्यूम (पूर्ण मेंदूच्या प्रतिमा). अमिग्डालाचं (भीती-भावनांशी निगडित भाग) सीड, म्हणजे जिथून जोडणी मोजायची तो भाग, आणि त्याची व्हीएमपीएफसीशी (कपाळामागचा खालचा मधला भाग) जोडणी. गोंगाट वजा करायला ३६ रिग्रेसर, ०.०१ ते ०.०८ हर्ट्झ बँडपास (तेवढ्याच वारंवारता ठेवणारी गाळणी), ६ मिमी स्मूदिंग (शेजारच्या बिंदूंची सरासरी).

अडलंय तीन ठिकाणी. सीटीक्यूची बेरीज आणि आधार यांचा सहसंबंध धन येतोय. ज्यांनी जास्त सोसलं त्यांनाच आधार जास्त, हे पटत नाही. दुसरं, प्रतिकूलता गुणिले आधार या इंटरॅक्शनचा (आधारानुसार प्रतिकूलतेचा परिणाम बदलतो का) पी ०.०३ आहे, पण स्कॅनमधल्या डोक्याच्या हालचालीची सरासरी मॉडेलमध्ये घातली की तो ०.२१ होतो. कोणता आकडा लिहायचा? आणि तिसरं, जोडणी कमी म्हणजे नुकसान झालं, असं म्हणता येईल का?

प्रश्नावली:

पहिल्याचं उत्तर बहुतेक गुणांकनात आहे. सीटीक्यूमधले २, ५, ७, १३, १९, २६ आणि २८ हे प्रश्न उलटे मोजायचे असतात, म्हणजे ६ वजा उत्तर (उत्तरं १ ते ५ अशी असतात). ते केलंय का?

भावनिक दुर्लक्षाचे पाचही प्रश्न (५, ७, १३, १९, २८) चांगल्या अनुभवाबद्दल विचारतात: घरच्यांना माझी माया होती, घरातली माणसं एकमेकांना धरून होती, अशा धर्तीचे. मायेत वाढलेला माणूस पाचही ठिकाणी ५ देतो. उलटवले तर त्याचे ५ गुण होतात, विसरलात तर २५, म्हणजे उपश्रेणीतला सर्वांत वाईट गुण. शारीरिक दुर्लक्षात २ आणि २६ हे दोनच उलटे आहेत, त्यामुळे तिथे ५ ऐवजी १३ येतात आणि चूक सहज डोळ्यांत भरत नाही. तुमच्या नमुन्यात बहुतेकांचे बाकीचे गुण तळाशीच असणार, मग बेरजेतला चढउतार मुख्यतः या सात प्रश्नांतूनच येतो. धन सहसंबंधाचं कोडं असं सुटतं.

पडताळा सोपा आहे. पाचही उपश्रेणींचे आपसातले सहसंबंध काढा. भावनिक दुर्लक्ष आणि भावनिक छळ यांच्यात ऋण चिन्ह दिसलं तर उलटवायचं राहिलंय. आणि १०, १६, २२ हे तीन प्रश्न उत्तर देणारा सगळं गोड दाखवतोय का हे तपासण्यासाठी आहेत; ते बेरजेत घालायचे नाहीत. बरोबर बेरीज २५ ते १२५ मध्ये बसते.

आणखी एक. एमएसपीएसएसमधले कुटुंबाचे प्रश्न (३, ४, ८, ११) आणि सीटीक्यूचं भावनिक दुर्लक्ष जवळपास एकाच गोष्टीबद्दल आहेत, फक्त काळ वेगळा. पूर्ण बेरजेबरोबर नुसत्या मित्रांच्या उपश्रेणीवरही (६, ७, ९, १२) मॉडेल चालवा. परिणाम फक्त कुटुंबाच्या प्रश्नांवर टिकत असेल, तर तुम्ही एकच गोष्ट दोनदा मोजताय.

व्हॉक्सेल:

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. ०.०३ लिहू नका, पण ०.२१ वरही अजून विसंबू नका. आधी प्रीप्रोसेसिंगचा हिशेब बघू.

टीआर २ सेकंद म्हणजे मोजता येणारी सर्वांत वरची वारंवारता ०.२५ हर्ट्झ. तुम्ही त्यातली ०.०७ हर्ट्झची पट्टी ठेवताय, म्हणजे २८ टक्के. २१० व्हॉल्यूममधून जेमतेम ५९ इतकी स्वतंत्र माहिती उरते. त्यातून ३६ रिग्रेसर वजा केले की २३. आता हललेले ६० व्हॉल्यूम काढून टाकले तर १५० चे २८ टक्के ४२, वजा ३६, उरले ६. अशा सहाच स्वतंत्र अंशांवर काढलेला सहसंबंध वाऱ्यावर हलतो. इतक्या छोट्या स्कॅनला बँडपास आणि ३६ रिग्रेसर दोन्ही झेपत नाहीत. वरची मर्यादा काढून फक्त ०.०१ च्या खालचं गाळा. ३६ रिग्रेसर मग परवडतात. गाळणी आणि रिग्रेशन एकाच पायरीत करा. आधी गाळलेल्या सिग्नलवर न गाळलेले रिग्रेसर लावले तर काढून टाकलेला गोंगाट परत आत येतो.

हालचाल इथे एवढी महत्त्वाची का? डोकं अर्ध्या मिलिमीटरहून कमी हललं तरी जवळच्या भागांची जोडणी खोटीच वाढते आणि लांबच्यांची कमी होते. २०१२ साली तीन वेगवेगळ्या गटांनी हे दाखवलं. अमिग्डाला ते व्हीएमपीएफसी हे अंतर चांगलंच लांब आहे. स्कॅनरमध्ये अस्वस्थ होणारी माणसं जास्त हलत असतील आणि प्रतिकूलतेचे गुणही त्यांचेच जास्त असतील, तर "प्रतिकूलतेमुळे जोडणी कमी" हा निष्कर्ष निव्वळ हालचालीतून तयार होतो.

म्हणून फ्रेमवाइज डिस्प्लेसमेंट (एका व्हॉल्यूमपासून पुढच्यापर्यंत डोकं किती हललं) ०.२ मिमीच्या वर गेलेले व्हॉल्यूम काढा (कोन मिलिमीटरमध्ये आणताना ५० मिमी त्रिज्येचा गोल धरतात) आणि ज्यांची निदान ५ मिनिटं, म्हणजे १५० व्हॉल्यूम, शिल्लक राहतात तेवढेच ठेवा. मग प्रत्येक जोडणीचा सरासरी हालचालीशी सहसंबंध काढून तो भागांमधल्या अंतरासमोर मांडा. ढग शून्याभोवती आडवा पसरला तर ठीक. उतार दिसला तर हालचाल अजून आत आहे. हालचालीची सरासरी समूहाच्या मॉडेलमध्ये राहू द्याच.

सीडही डोळ्यांनी बघा. हवेच्या पोकळ्यांजवळ सिग्नल गळतो आणि व्हीएमपीएफसी व अमिग्डाला दोन्ही त्याच पट्ट्यात येतात. प्रत्येकाच्या सरासरी ईपीआय (एफएमआरआयच्या मूळ) प्रतिमेवर अमिग्डालाची कडा ठेवा. काहींमध्ये त्या कडेच्या आत निम्मा भाग काळा दिसेल. तिथला सिग्नल मेंदूचा नाहीच. सीडची सरासरी न स्मूद केलेल्या विदेतून घ्या, कारण ६ मिमीच्या स्मूदिंगने शेजारचा हिप्पोकॅम्पस आत मिसळतो.

त्रैराशिक:

मॉडेलबद्दल बोलतो. आधार तुम्ही आज मोजलाय, प्रतिकूलता जुनी आहे. लहानपणी सोसल्यामुळे पुढे माणसं जोडणं अवघड गेलं असेल, तर आधार हा मॉडरेटर (संबंध कमी-जास्त करणारा घटक) नसून त्या वाटेवरचाच टप्पा आहे. एकवेळच्या विदेतून या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. त्यात सध्याचं नैराश्य बालपणाची आठवण आणि आधाराची जाणीव दोन्ही काळवंडवतं. आठवणीवरून सांगितलेलं बालपण आणि त्या वेळी नोंदलेलं बालपण यांचा मेळ फार थोडा बसतो. २०१९ च्या एका मेटा-ॲनॅलिसिसमध्ये (अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात) कॅप्पा, म्हणजे मेळ मोजणारा आकडा (पूर्ण मेळ म्हणजे १), ०.१९ इतकाच निघाला.

८४ जणांत सहसंबंध ०.२० आला तर ९५ टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्यात असू शकतो तो पल्ला) साधारण -०.०२ ते ०.४०. इंटरॅक्शनची अवस्था याहून नाजूक. शिवाय सीटीक्यूचे गुण तळाला गोळा झालेले असतात. लॉग घेतला तर इंटरॅक्शन नाहीसं होऊ शकतं, कारण ते मोजपट्टीवर अवलंबून असतं. दोन्ही प्रकारे चालवा आणि दोन्ही छापा. आलेखात रेषा काढाल तर खाली मूळ ठिपकेही दाखवा. जास्त प्रतिकूलता आणि कमी आधार या कोपऱ्यात चारच ठिपके असतील, तर वाचकाला ते कळलंच पाहिजे.

व्हॉक्सेल:

तिसरा प्रश्न राहिला. नुकसान हा शब्द वापरू नका. २०१३ च्या एका अभ्यासात संस्थेत वाढून नंतर दत्तक गेलेल्या मुलांमध्ये अमिग्डाला आणि प्रीफ्रंटल यांची जोडणी मोठ्यांसारखी, म्हणजे ऋण दिशेची, लवकर दिसली. ते भावनिक चेहरे दाखवून केलेलं मापन होतं, तुमचं विश्रांतीतलं आहे. त्यात जागतिक सिग्नल (पूर्ण मेंदूचा सरासरी सिग्नल) काढून टाकलात तर ऋण आकडे गणितातूनच उगवतात, आणि तुमच्या ३६ मध्ये तो आहेच.

संगोपन बदलल्याने फरक पडतो हे म्हणायला यादृच्छिक वाटप लागतं. बुखारेस्टच्या प्रकल्पात संस्थेतल्या १३६ मुलांपैकी निम्मी यादृच्छिक निवडीने सांभाळ करणाऱ्या (फॉस्टर) कुटुंबांत पाठवली होती, म्हणून तिथे ते म्हणता आलं. तुम्ही "संबंध आढळला" किंवा "आढळला नाही" इथेच थांबा. तुमच्या प्रश्नावल्या भरणाऱ्यांपैकी कुणी हे वाचलं, तर आपला मेंदू बिघडलाय असं त्यांना वाटायला नको.

अनुबंध:

सर्वांचे मनापासून आभार. सात प्रश्न खरंच उलटवले नव्हते. आता आधाराशी सहसंबंध ऋण आहे. हालचालीच्या निकषावर ११ जण गळले, ७३ उरले. इंटरॅक्शनचा पी ०.३४, मित्रांच्या उपश्रेणीवरही जवळपास तोच. हे असंच लिहून पाठवू का?

त्रैराशिक:

हो, विश्वासांतरासकट. फक्त पाठवण्याआधी गळलेल्या ११ जणांचे सीटीक्यू आणि एमएसपीएसएसचे गुण उरलेल्या ७३ शेजारी ठेवून एक छोटा तक्ता द्या. सर्वांत जास्त सोसलेलेच जास्त हलून बाहेर पडले असतील, तर ज्यांच्यासाठी हा प्रश्न विचारला होता तेच नमुन्यात उरलेले नसतील.