कडधान्यावर आठवडा काढायचाय, पण दाणे शिजत नाहीत आणि मुलं कंटाळतात

रिकामा_डबा
घरात तीन मोठे, दोन लहान. खर्चाला कात्री लावायची म्हणून आठवड्यातले चार दिवस कडधान्याचं जेवण ठरवलंय. राजमा आणि छोले रात्रभर भिजवूनही मधे टणक राहतात, गॅस जातो तो वेगळाच. माणशी किती भिजवायचं याचा अंदाज नाही, त्यामुळे उरतं आणि टाकलं जातं. शिवाय तिसऱ्या दिवशी तेच ताट पाहून मुलं नाक मुरडतात. एकदाच शिजवून पुरवायचं तर कसं?

पाव_चमचा
आधी माप. कोरडं कडधान्य मोठ्यांना 60 ग्रॅम, लहानांना 35 ते 40. म्हणजे तुमचं एका जेवणाचं 250 ते 260 ग्रॅम, अर्धा किलोत दोन जेवणं. शिजल्यावर अर्ध्या किलोचं सव्वा किलोच्या आसपास होतं. शिजवलेले डबाबंद दाणे सोयीचे वाटतात, पण 400 ग्रॅमच्या डब्यातून पाणी निथळल्यावर साधारण 240 ग्रॅमच हाती लागतात. अर्धा किलो कोरडे म्हणजे असे पाच डबे. भाव लावताना किलोशी नाही, शिजलेल्या वाटीशी लावा.

टणकपणाचं बोलायचं तर बहुतेक वेळा दोष मालाचा किंवा पाण्याचा असतो. उष्ण, दमट जागी महिनोन्महिने पडलेला दाणा कितीही भिजवला तरी हट्टीच राहतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सालीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. टोमॅटो, चिंच, लिंबू आधी पडलं तर तेच होतं, आंबट नेहमी दाणा मऊ झाल्यावर. मिठाने दाणे शिजत नाहीत हा मात्र गैरसमज. उलट भिजवायच्या पाण्यातच लिटरला 10 ते 12 ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चमचे मीठ घाला. सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. 8 ते 12 तास भिजवा, पाणी फेका, दाणे धुवा. उकाडा असेल तर भांडं फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर फेस येऊन आंबतं.

एवढ्यानेही जमलं नाही तर शिजवताना अर्ध्या किलोला पाव चमचा खाण्याचा सोडा. (माझ्या नावाचा याच्याशी संबंध नाही.) त्याहून जास्त घातलात तर साबणासारखी चव येते, दाण्यांचा गर होतो आणि बी1 जीवनसत्त्व नासतं.

शिजलं का ते एका दाण्यावर ठरवू नका, जुना-नवा माल मिसळलेला असतो. पाच दाणे चमच्यात घेऊन फुंकर मारा, साल सुटून वळली पाहिजे. मग एकेक चिमटीत दाबा. मधे पांढरा कण लागला तर अजून वेळ आहे.

मंद_आच
गॅस वाचवायचा तर एक उकळी आणून भांडं जाड कपड्यात गुंडाळून ठेवा, तीन-चार तासांत आपोआप शिजतं. मसूर आणि भात तर छानच होतात.

शिट्टी_मोजू_नका
मसूर आणि भाताला चालेल, राजम्याला असं कधीच करू नका. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं. ते खळखळत्या उकळीतच नष्ट होतं, नुसत्या गरम पाण्यात नाही. अर्धवट शिजलेले चार-पाच दाणेही उलट्या-जुलाबाला पुरतात. भिजवलेलं पाणी फेकून ताज्या पाण्यात किमान 10 मिनिटं पूर्ण उकळू द्या, मग हवं तर गुंडाळा.

खरी बचत कुकरमध्ये आहे, पण शिट्ट्या मोजण्यात नाही. शिट्टी म्हणजे गॅस जाळून बाहेर सोडलेली वाफ. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि घड्याळ लावा: भिजलेला राजमा 12 ते 15 मिनिटं, छोले 15 ते 20. दाब आपोआप उतरू द्या, घाईने सोडला तर साली फुटतात. दाणे-पाणी मिळून कुकर निम्माच भरा आणि चमचाभर तेल टाका, फेस वर येऊन व्हॉल्व्ह बुजत नाही.

रिकामा_डबा
धन्यवाद. आणि कंटाळ्याचं काय?

उरलंसुरलं
सगळ्याला एकदम मसाला लावता, तिथेच गोची आहे. फक्त मीठ घालून शिजवा आणि चव रोज वेगळी करा. कांद्याचं वाटण मात्र एकदाच करून ठेवा: किलोभर कांदा चार मोठे चमचे तेलात बारीक आचेवर 35-40 मिनिटं परता, आटून तिसऱ्या हिश्शाच्या आसपास उरतो. दर वेळी नव्याने कांदा परतण्यात गॅसही जातो, तेलही.

पहिल्या दिवशी अख्खे दाणे भातासोबत. दुसऱ्या दिवशी घट्ट सूप: तिसरा हिस्सा दाणे शिजलेल्या पाण्यातच घोटून परत मिसळा. ते पाणी फेकू नका, दाटपणा त्यातूनच येतो. तिसऱ्या दिवशी टिक्क्या: 300 ग्रॅम दाणे, 200 ग्रॅम उकडलेला बटाटा, एक अंडं किंवा दोन चमचे पीठ. टिक्क्या तव्यावर फुटतात त्या ओलाव्याने. दाणे अर्धा तास चाळणीत ठेवा, बटाटा सालीसकट उकडून वाफ जाऊ द्या, मग कुस्करा.

शिजलेलं दोन तासांच्या आत उथळ भांड्यात गार करून फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस टिकतं. पुढचं 250-250 ग्रॅमच्या पुड्या करून फ्रीझरला, दाणे बुडतील एवढ्या पाण्यासकट, नाहीतर कोरडे पडतात. भात रात्रभर ओट्यावर नको. त्यात तयार होणारं विष पुन्हा गरम करून जात नाही.

रिकामा_डबा
किलोभर जुने हरभरे आहेत, वरच्यासारखं भिजवूनही चामट. टाकून देऊ?

पाव_चमचा
कीड किंवा बुरशीचा वास नसेल तर नको. कोरडेच दळून आणा, पीठ पाण्यात कालवून 10-15 मिनिटांत शिजतं. गुठळ्या नकोत तर गार पाण्यात कालवा, गरम पाण्यात नाही.