नमाज पढताना पडलेले प्रश्न : बडोद्यातील काही अनुभव

बडोद्यात मराठी बोलणाऱ्या मुसलमानांची घरे मोजकी आहेत. कोणाचे पणजोबा गायकवाड सरकारच्या चाकरीत साताऱ्याकडून आले, कोणी रत्नागिरीहून कारखान्यातल्या नोकरीसाठी आले, कोणी इंदूरहून किंवा खानदेशातून लग्न होऊन आल्या. आमच्या घरांत नमाज अरबीत पढली जाते, दीनियात (धर्मशिक्षण) उर्दूतून शिकवले जाते, शेजारी गुजरातीत बोलतात आणि मनातला प्रश्न मात्र मराठीत उमटतो. त्यामुळे तो कोणाला आणि कसा विचारायचा, हाच आणखी एक प्रश्न होऊन बसतो.

माझे वडील एकाहत्तर वर्षांचे असताना एकदा इशानंतर (रात्रीच्या नमाजेनंतर) माझ्याजवळ येऊन बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘‘बेटा, चार रकअतींत मधली बैठक विसरलो की मी सगळी नमाज पुन्हा पहिल्यापासून पढतो. तसेच करायचे असते ना?’’ रकअत म्हणजे नमाजेतले एक आवर्तन. पन्नास वर्षे ते असे करत आले होते. हनफी या सुन्नी परंपरेच्या मताप्रमाणे मधली बैठक वाजिब (आवश्यक) आहे, फर्ज (जिच्याशिवाय नमाजच होत नाही अशी) नाही. ती राहिली आणि माणूस पुरता उभा राहिला, तर परत खाली बसायचे नाही; नमाज पुढे चालू ठेवायची, शेवटच्या बैठकीत अत्तहियात (बैठकीतला ठरलेला पाठ) पढून उजवीकडे मान वळवून एक सलाम फिरवायचा, दोन सजदे करायचे (कपाळ जमिनीला टेकायचे) आणि मग पुन्हा अत्तहियात, दरूद (प्रेषितांसाठीची प्रार्थना) व दुआ पढून नमाज पुरी करायची. यालाच सजदा-ए-सह्व म्हणतात. हे ऐकून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. ते आयुष्यभर मशिदीत जात होते, इमाम साहेबांना रोज सलाम करत होते, पण ‘या वयात हे विचारायचे कसे’ या संकोचाने त्यांचे तोंड बांधले होते.

म्हणून इथल्या मराठी बोलणाऱ्या मुसलमानांना मी हे आवाहन केले. आपण कोणत्या ठिकाणी अडलात, ते कसे सुटले, आणि जे चूक वाटले ती खरोखर चूक होती की केवळ मसलकांमधला (पंथपरंपरांमधला) फरक होता, हे प्रत्येकाने लिहावे. नावे देऊ नयेत, एवढीच विनंती होती. आलेले अनुभव पुढे दिले आहेत.

इंदूरचे माहेर, सध्या तांदळजा

लग्नानंतर सामानाबरोबर मी माहेरचा नमाजेच्या वेळांचा तक्ता आणला आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या वर चिकटवला. आमचे घर सातव्या मजल्यावर असल्यामुळे अजान नीट ऐकू येत नसे, म्हणून मी तक्त्यावरच चालत असे. एका संध्याकाळी मगरिब (सूर्यास्तानंतरची नमाज) पढून मुसल्ला (नमाजेची चटई) गुंडाळत होते आणि समोरच्या खिडकीतून उन्हाची शेवटची तिरीप अजून भिंतीवर दिसत होती. तेव्हा लक्षात आले.

इंदूर बडोद्याच्या पूर्वेला सुमारे अडीच अंशांहून थोडे अधिक आहे आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात, म्हणजे इंदूरला सूर्य मावळल्यावर बडोद्यात तो मावळायला साधारण दहा मिनिटे लागतात. बाकीच्या नमाजा मी वेळ सुरू झाल्यावर बऱ्याच उशिरा पढत होते, त्यामुळे त्या सुरक्षित राहिल्या. मगरिब मात्र आपण वेळ होताच पढतो, आणि म्हणून फटका नेमका तिलाच बसला. वेळ टळल्यावर पढलेली नमाज कजा (चुकलेल्या नमाजेची भरपाई) म्हणून तरी अदा होते, पण वेळेआधी पढलेली फर्ज नमाज होतच नाही, असे आमच्या सासऱ्यांनी समजावले. सव्वीस दिवसांच्या मगरिबची कजा मी पढले. तक्ता आता इथलाच आहे.

मूळ रत्नागिरी जिल्हा, बडोद्यात एकोणीस वर्षे

आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे हनफींहून वेगळ्या सुन्नी परंपरेचे. गावात सगळेच शाफई असल्यामुळे नमाज पढण्याची आणखी एखादी रीत असते, हे मला पंचविसाव्या वर्षापर्यंत केवळ ऐकून माहीत होते. इथे आल्यावर पहिल्याच रमजानमध्ये एका वयस्कर गृहस्थांनी सलाम फिरवल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारले, ‘‘भाई, तुम्ही रुकूत जाताना हात का उचलता? आणि आमीन एवढ्या मोठ्याने का म्हणता?’’ त्यांच्या स्वरात राग नव्हता, काळजी होती. पण चार माणसे वळून पाहू लागली आणि मी इतका गोंधळलो की पुढचे तीन दिवस घरीच नमाज पढलो.

चौथ्या दिवशी मी इमाम साहेबांना जाऊन भेटलो. त्यांनी मला बसवले, पाणी दिले आणि त्या वडीलधाऱ्यांनाही बोलावून घेतले. म्हणाले, ‘‘हे शाफई आहेत. यांची नमाज दुरुस्त आहे, आपलीही दुरुस्त आहे.’’ मग त्यांनी एकेक बाब सांगितली. रुकूला (कमरेतून वाकायला) जाताना आणि रुकूतून उठताना आम्ही हात उचलतो, हनफी केवळ सुरुवातीच्या तकबीरला (‘अल्लाहू अकबर’ म्हणताना) उचलतात. हनफी पुरुष हात नाभीखाली बांधतात, आम्ही छातीखाली आणि नाभीच्या वर. इमामाच्या मागेही आम्ही फातिहा (कुराणाची पहिली सूरह) पढतो, ते शांतपणे ऐकतात. फज्रच्या (पहाटेच्या नमाजेच्या) दुसऱ्या रकअतीत रुकूनंतर आम्ही कुनूत ही दुआ पढतो, हनफी ती वित्रच्या (इशानंतरच्या नमाजेच्या) तिसऱ्या रकअतीत रुकूआधी पढतात. इमामांच्या मागे फज्र पढताना आता मी कुनूत सोडतो, घरी एकट्याने पढताना पढतो.

सर्वांत अधिक अडचण अस्रची (दुपारनंतरच्या नमाजेची) होती. वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली वगळून, तिच्या उंचीएवढी झाली की आमची अस्र सुरू होते. हनफींची ती दुप्पट झाल्यावर. त्यामुळे घरातली अस्रची वेळ आणि मोहल्ल्यातली अजान यांत बरेच अंतर पडते. मी मशिदीतल्या जमातीबरोबर पढतो, कारण तेव्हाही आमची वेळ चालूच असते. वुजूचेही (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याचेही) तसेच आहे. वाहून जाईल एवढे रक्त आले तर हनफींचा वुजू जातो, आमचा जात नाही. उलट पत्नीच्या हाताचा उघडा स्पर्श झाला तर आमचा जातो, त्यांचा नाही. माझी मुले हनफी मुलांबरोबर मदरशात शिकतात. त्यांना मी हे सर्व लहानपणीच सांगून ठेवले आहे, म्हणजे कोणी विचारले तर त्यांना घरी लपून बसावे लागणार नाही.

परिचारिका, फतेहगंज

नखांना पॉलिश असताना वुजू होत नाही, कारण पाणी नखापर्यंत पोचत नाही. मेंदी चालते, कारण तिचा थर राहत नाही, केवळ रंग राहतो. बोटावर पट्टी असेल आणि पाण्याने जखम बिघडण्याची भीती असेल, तर पट्टीवरून ओला हात फिरवणे पुरे होते. माझ्याबरोबर काम करणारी एक मुलगी बोट कापल्यामुळे आठ दिवस नमाजच सोडून बसली होती, म्हणून हे लिहिते. आणखी एक प्रश्न मला मैत्रिणी नेहमी विचारतात : शुक्रवारी घरी नमाज पढणाऱ्या स्त्रीने दोन रकअती पढायच्या की चार? घरी जुमा (शुक्रवारची सामूहिक नमाज) नसतो, जोहरच (दुपारची नेहमीची नमाज) असते, म्हणून फर्ज चारच.

शिक्षक, मराठी माध्यमात शिकलेला

मला उर्दू लिपी येत नव्हती. आईने देवनागरीत छापलेल्या एका छोट्या पुस्तिकेतून मला नमाज शिकवली आणि मी ती अभिमानाने पाठ केली. मराठीच्या छपाईत नुक्ता (अक्षराखालचा टिंब) नसतो, त्यामुळे त्या पुस्तिकेत अरबीचे दोन ‘क’ एकाच अक्षराने लिहिलेले होते. अठ्ठाविसाव्या वर्षी एका हाफिज साहेबांनी (कुराण पाठ असलेल्यांनी) माझ्याकडून कुराणातली सूरह इख्लास ऐकली आणि पहिल्याच शब्दावर थांबवले. ‘कुल’ हा शब्द घशाच्या मागून, पडजिभेजवळून काढला तर त्याचा अर्थ ‘सांगा’ असा होतो. आपल्या कमळातल्या ‘क’ने म्हटला तर ‘खा’ असा होतो. मी बारा-पंधरा वर्षे अल्लाहसमोर उभा राहून काय म्हणत होतो, या विचाराने माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते म्हणाले, ‘‘जे कळत नव्हते त्याची माफी मागा, आणि आता कळले आहे तर शिका.’’

मग वर्षभर रोज अस्रनंतर वीस मिनिटे मी त्यांच्यासमोर बसलो. मराठी जिभेला काही गोष्टी सोप्या जातात, हे मला तिथे कळले. ‘जास्त’ आणि ‘जीवन’ यांतले दोन वेगळे ‘ज’ आपण लहानपणापासून बोलतो, त्यामुळे ‘ज़े’ हे अक्षर मला जवळचे वाटले. कठीण गेले ते ‘ज़े’च्या शेजारचे इतर तीन वर्ण, आणि दोन ‘ह’. त्यांतला ‘अल्हम्दु’मधला ‘ह’ घशाच्या मध्यातून येतो. हाफिज साहेब मला काचेवर फुंकर घालायला लावत आणि काच धूसर झाली की म्हणत, ‘‘हा, इथून.’’ देवनागरी पुस्तिका सुरुवातीला हरकत नाही, पण कोणाच्या तरी तोंडून ऐकल्याशिवाय आणि कोणाला तरी ऐकवल्याशिवाय त्या पुस्तिकेवर थांबू नये, असे मला मनापासून वाटते.

नवे घर, नवी दिशा

घरातल्या मुसल्ल्याची दिशा आम्ही मोबाइलमधल्या होकायंत्राने ठरवली होती. शेजारी लोखंडी कपाट होते, त्यामुळे दिशा चांगलीच सरकली होती. बडोद्याहून किब्ला (काबाची दिशा) जवळपास थेट पश्चिमेला, उत्तरेकडे साधारण पाच अंश झुकलेला आहे. माझ्या आतेभावाने एक साधा उपाय सांगितला. दर वर्षी २८ मेच्या सुमारास आपल्या घड्याळात दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी आणि १६ जुलैच्या सुमारास २ वाजून ५७ मिनिटांनी सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर असतो. त्या क्षणी सूर्य जिकडे, तिकडे किब्ला. जुलैमध्ये ढग असतात, म्हणून आम्ही मे महिन्यात गच्चीवर दोरीला किल्ल्यांचा जुडगा बांधून लोंबता ठेवला आणि दोरीची सावली खडूने आखली. त्या रेषेवर सूर्याकडे तोंड केले की किब्ला. ती खडूची रेघ पावसाने गेली, पण तोवर खाली फरशीवर पट्टी लावून झाली होती.

मगरिबला उशिरा पोचणारा, मकरपुरा

कामाची पाळी सुटल्यावर धावत मशिदीत पोचतो तेव्हा मगरिबची तिसरी रकअत चालू असते. धावणे चूक आहे, हे आधी कळले. रुकू मिळाला तर ती रकअत मिळाली, हे नंतर कळले. पण उरलेल्या दोन रकअती मी सलग उभ्याने पढून शेवटी एकदाच बसत असे. योग्य रीत अशी की इमामांनी सलाम फिरवल्यावर उठायचे, फातिहा आणि सूरह यांसह एक रकअत पढून बसायचे, अत्तहियात पढायची, मग उठून पुन्हा फातिहा आणि सूरह यांसह दुसरी पढून शेवटची बैठक घ्यायची. म्हणजे तीन रकअतींत तीन बैठका होतात. पहिल्यांदा विचित्र वाटते.

निवृत्त, गुडघ्यांचे दुखणे

मला उभे राहता येते, पण गुडघे मोडून जमिनीवर बसता येत नाही. खुर्चीवर नमाज पढताना सजद्यासाठी मी एक उशी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावत असे, कारण कपाळ कशाला तरी टेकल्याशिवाय सजदा झाला असे मनाला वाटत नसे. सुनेने मला प्रेमाने सांगितले, ‘‘अम्मी, असे काही उचलून कपाळाला लावू नये. खूण पुरते. रुकूसाठी थोडे वाका आणि सजद्यासाठी त्याहून जास्त.’’ इमरान बिन हुसैन यांना मूळव्याधीचा त्रास होता, तेव्हा प्रेषितांनी त्यांना उभ्याने, ते जमले नाही तर बसून, तेही जमले नाही तर कुशीवर नमाज पढण्यास सांगितले, ही हदीस तिने मला वाचून दाखवली. ज्यांना जमिनीवर बसून सजदा करता येतो, त्यांनी केवळ सोय म्हणून खुर्ची घेऊ नये, हेही तितकेच खरे आहे. मी उशी पलंगावर ठेवून दिली.

दर मंगळवारी अहमदाबाद

बडोदे ते अहमदाबाद सुमारे ११० किलोमीटर आहे. हनफी हिशेबाने सुमारे ७८ किलोमीटरांच्या पलीकडचा प्रवास असेल आणि तिथे पंधरा दिवस राहण्याचा इरादा नसेल, तर जोहर, अस्र आणि इशाचे चार फर्ज दोन होतात. फज्र आणि मगरिब तशाच राहतात. मी सहा वर्षे तिथे एकट्याने पूर्ण चार पढत होतो, अधिक पढले तर अधिक पुण्य या समजुतीने. हनफींकडे ही कसर (प्रवासात नमाज आखूड करणे) वाजिब आहे, तिला सवलत म्हणून नाकारता येत नाही. स्थानिक इमामामागे पढलो तर मात्र चारच पढायच्या.

बावन्न वर्षांचा, वाडी भागातला

पंधराव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत मी नमाज पढलो नाही. कारणे सांगत नाही. चाळिशीनंतर ती अकरा वर्षे मला झोपू देईनात. आमच्या मौलानांनी हिशेब मांडून दिला : दिवसाचे सतरा फर्ज आणि तीन वित्र, म्हणजे वीस रकअती. प्रत्येक नमाजेबरोबर त्याच वेळेची एक कजा पढायची आणि निय्यत (मनातला संकल्प) अशी करायची की ‘माझ्यावर बाकी असलेल्यांपैकी पहिली फज्र’. तारखा आठवण्याची गरज राहत नाही, कारण एक पढली की तिच्या पुढची आपोआप पहिली होते.

मी किराण्याची लांबट वही घेतली, प्रत्येक पानावर पाच नमाजा आणि वित्र असे सहा रकाने आखले. कधी आजारपणात पाने कोरी राहिली, कधी रमजानमध्ये दिवसाला दोन-दोन दिवसांच्या कजा झाल्या. पत्नीने विचारले नाही, पण वही भरत आली की नवी आणून ठेवते. सध्या चौथी वही चालू आहे, आणि आज सकाळी फज्रच्या रकान्यात खूण केल्यावर मोजले, तेव्हा तीनशे बारा उरल्या होत्या.