यजमानांचं रिझर्व्हचं पेन्शन आणि कागदावरचा चुकीचा हुद्दा

एडिसनकर:
माझे यजमान अमेरिकी आर्मी रिझर्व्हमध्ये, म्हणजे राखीव सैन्यात होते. साठी गाठायच्या आधीच गेले. वीस वर्षांची सेवा पेन्शनला पात्र ठरल्याचं पत्र माझ्याजवळ आहे. पण नोंदीत ते स्टाफ सार्जंटच! सार्जंट फर्स्ट क्लासच्या बढतीचा हुकूम तर घरात फ्रेम करून लावलाय. पैशापेक्षा हेच जास्त लागलंय मला, हुद्द्याला फार जपायचे ते. बायकोला दुरुस्ती मागता येते का?

सुहास_ह्यूस्टन:
येते, वहिनी. डीडी फॉर्म १४९ भरून आर्मीच्या नोंद-दुरुस्ती मंडळाकडे पाठवा. सोबत लग्नाचा व मृत्यूचा दाखला आणि हुकमाची प्रत. मूळ कागद मात्र हातचा सोडू नका. चूक कळल्यापासून ३ वर्षांची मुदत असते. न्यायासाठी मंडळ ती माफ करू शकतं.

जुना_रिझर्व्हिस्ट:
ताई, त्यांचं निवृत्तिवेतन त्यांच्याबरोबर थांबतं. तुम्हाला मिळेल ती रिझर्व्हच्या वारस योजनेची रक्कम, योजनेसाठी धरलेल्या मूळ पेन्शन-रकमेच्या ५५ टक्क्यांपर्यंत. पत्र मिळाल्यावर ९० दिवसांत त्यांनी कोणता पर्याय निवडला, ते आधी शोधा. २००१ नंतरचं पत्र असेल आणि काहीच निवडलं नसेल, तर पूर्ण संरक्षण आपोआप लागू होतं. कमी पर्यायाला तुमची लेखी संमती लागते.

एडिसनकर:
पत्र २००९चं आहे, आणि अशा संमतीवर माझी सही नाही. सेंट लुईसच्या अभिलेखागाराकडून त्यांची फाइल आजच मागवते.