भाची अमेरिकेत दोन्ही विषयांत पास आहे तरी प्रोबेशन लागलंय, पुढं काय करायचं?

सातरस्ता_मामा:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. माझी बहीण ओहायोत कोलंबसला असते, तिची मुलगी अकरावीत आहे. तिकडं हायस्कूलच्या पोरांना कॉलेजचे कोर्स करता येतात, कॉलेज क्रेडिट प्लस म्हणतात त्याला, सरकारी कॉलेजात केलं तर फी पडत नाही आणि तोच कोर्स शाळेत पण धरला जातो, कॉलेजात पण. भाचीनं ऑगस्टपासून दोन घेतले, इंग्लिश ३ क्रेडिटचं आणि प्री-कॅल्क्युलस ५ क्रेडिटचं. डिसेंबरात निकाल लागला, इंग्लिशला सी आणि गणिताला डी, म्हणजे दोन्हीत पास. तरी शाळेचं पत्र आलं की तू प्रोबेशनवर आहेस, सुधारणा झाली नाही तर प्रोग्रॅममधून काढू. आणि हिनं जानेवारीच्या सेमिस्टरला आधीच कॅल्क्युलस आणि सायकॉलॉजी घेऊन ठेवलंय. बहिणीनं कॉलेजला फोन केला तर ते म्हणतात आम्ही विद्यार्थिनीशीच बोलणार, आईशी नाही. सतरा वर्षांची पोर आहे हो ती!
इकडं आमच्या आईनं तर धसकाच घेतलाय, नातीला शाळेतून काढलं असंच तिच्या डोक्यात बसलंय, गड्ड्याची यात्रा चालू आहे पण यंदा नंदीध्वज बघायलासुद्धा बाहेर पडली नाही. मला दोनच गोष्टी कळायला हव्यात. पास असून प्रोबेशन कसं, आणि आता दोन्ही कोर्स जोर लावून करून मार्क भरून काढावेत का?

क्लीव्हलंडची_वहिनी:
दादा, मी मूळची जुळे सोलापूरची, आता ओहायोतच आहे, माझ्या मुलानं हाच प्रोग्रॅम केलाय म्हणून नियम माहितीयत. आधी आईंना सांगा की शाळेतून कुणीही काढलेलं नाही. तिची शाळा, तिचा वर्ग, सगळं जसंच्या तसं चालू राहणार. हे प्रोबेशन फक्त कॉलेजच्या कोर्सपुरतं आहे.
ओहायोचा नियम असा की या प्रोग्रॅममधल्या कोर्सेसची सरासरी म्हणजे जीपीए २.० च्या खाली गेला, किंवा एकाच सेमिस्टरला दोन वा जास्त कोर्स सोडले किंवा त्यांचं क्रेडिट मिळालं नाही, तर प्रोबेशन लागतं. भाचीचा हिशोब करून बघा. सी म्हणजे २ गुणिले ३ क्रेडिट झाले ६, डी म्हणजे १ गुणिले ५ झाले ५, एकूण ११ भागिले ८ क्रेडिट म्हणजे १.३८ च्या आसपास. गणित जास्त क्रेडिटचं होतं म्हणून त्यानंच खाली ओढलंय.
आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, दोन कोर्स करूच नका!! प्रोबेशनवर असताना एका सेमिस्टरला एकच कोर्स घेता येतो, आणि ज्या विषयात डी किंवा एफ आलाय त्या विषयातला कोर्स घेता येत नाही. म्हणजे कॅल्क्युलस बाद. ते तिनं आजच्या आज ड्रॉप करायला पाहिजे, कारण बिनदंडाची मुदत निघून गेली तर फी आणि पुस्तकांचा खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो आणि वरून प्रोग्रॅममधून पण काढतात. ताईंना सांगा उद्या सकाळी पहिलं काम हेच, शाळेच्या काउन्सेलरला ईमेल, फोनवर नुसतं बोलून थांबू नका, लेखी उत्तर घ्या.

जुळे_सोलापूरचे_सर:
मी इथं ज्युनिअर कॉलेजवर शिकवतो. आपल्या पालकांचा घोळ होतो तो 'पास' या गोष्टीवरच. आपल्याकडं पस्तीस मिळाले की सुटलो, डिग्रीला एखादा विषय राहिला तर एटीकेटीवर पुढच्या वर्गात जातो, नंतर विषय काढला की मागचं कुणी विचारत नाही. तिथं डी हा पासच असतो, बऱ्याच कॉलेजांत त्याचं क्रेडिटही मिळतं, पण सरासरी किमान सी म्हणजे २.० राहिली पाहिजे ही अट वेगळी चालू असते. म्हणजे एकही विषय न राहता मुलगा प्रोबेशनवर जाऊ शकतो. शिवाय प्री-कॅल्क्युलसला डी असताना कॅल्क्युलस घेणं हे अभ्यासाच्या दृष्टीनंही चुकीचंच होतं, पायाच कच्चा राहिलाय, बरीच कॉलेजं तर किमान सी असल्याशिवाय पुढचा गणिताचा कोर्स देतच नाहीत. पोरीला ओरडू नका पण गणितात नेमकं कुठं अडलं ते शांतपणे विचारा, त्रिकोणमिती की फंक्शन्स की नुसता वेळच पुरला नाही. हायस्कूलचे सात तास, त्यावर कॉलेजची ८ क्रेडिट, हा बोजा सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना झेपतोच असं नाही.

बाळीवेसकर:
मामा टेन्शन किती घेऊलालाय, एक कोर्स तर हातात आहे की. पण एक सांगतो, सायकॉलॉजी ३ क्रेडिटचं असंल तर तिला नुसतं बी पुरणार नाही. मी हिशोब लावला, बी म्हणजे ३ गुणिले ३ झाले ९, आधीचे ११ धरून २० भागिले ११ म्हणजे १.८२, बी प्लसला पण १.९. ए मायनस आला तर २.००९ म्हणजे काठावर पार, ए आला तर २.०९. त्यामुळं पहिल्या आठवड्यापासून ए चंच टार्गेट धरायला लागतंय, मिडटर्मनंतर जाग येऊन चालणार नाही. कॉलेजात फुकट ट्युटरिंग असतं, प्रोफेसरचे ऑफिस अवर्स असतात, तिथं जाऊन बसायचं, आपली पोरं लाजत्यात आणि जातच नाहीत.
रेकॉर्डचं म्हणाल तर हो, ते ग्रेड कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर कायमचे राहतात. पुढं कुठं पण ॲडमिशन घेताना ते ट्रान्सक्रिप्ट द्यायला लागतंय, लपवायचं अजिबात नाही. मी एमएसला तिकडंच होतो, तिथं सरकारी मदतीला पण सॅटिस्फॅक्टरी ॲकॅडेमिक प्रोग्रेस म्हणून अट असते, साधारण घेतलेल्या क्रेडिटपैकी ६७ टक्के पूर्ण झाले पाहिजेत आणि जीपीए पण सांभाळायचा. कोर्स मध्यात सोडून डब्ल्यू म्हणजे विथड्रॉचा शेरा घेतला तर जीपीए वाचतो पण तो 'घेतला पण पूर्ण केला नाही' असाच मोजला जातो. त्यामुळं उठसूट ड्रॉप हा उपाय नाही, कॉलेजनं दिलेल्या ड्रॉपच्या मुदतीच्या आत सोडला तरच स्वच्छ सुटतो.

सातरस्ता_मामा:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीच बहिणीला फोन लावला, भाचीनं कॅल्क्युलस काढून टाकलं, काउन्सेलरचा ईमेल पण आला. आईला वहिनींचं उत्तर वाचून दाखवलं, आज निदान दोन घास नीट जेवली. आता दोन शंका. कॉलेज आईशी बोलत नाही त्याचं काय? आणि जूनमध्ये माझ्या मुलाचं लग्न आहे, भाची यायची आहे, पण बहीण म्हणते समरला पण एक कोर्स करून घेऊ म्हणजे लवकर सुटेल.

क्लीव्हलंडची_वहिनी:
आईशी न बोलण्याला कायदा आहे, १९७४ चा फेर्पा. कॉलेजचा कोर्स घेतला की त्या कॉलेजच्या रेकॉर्डवरचा हक्क विद्यार्थ्याकडं जातो, वय कितीही असो. पण मार्ग आहेत, भाचीनं कॉलेजच्या पोर्टलवर संमती दिली की बोलतात. आणि कॉलेज तिच्या शाळेला माहिती देऊ शकतं, ती १८ ची नाही तोवर शाळेकडची ती कागदपत्रं ताई बघू शकतात.
समरचं मात्र अजिबात मनावर घेऊ नका. तोच पूर्ण सिलॅबस थोड्या आठवड्यांत कोंबलेला असतो, वर एकच कोर्स घ्यायची अट तिथंही लागू. आत्ताच्या जानेवारीच्या सेमिस्टरमध्ये ए आला तर प्रोबेशन तिथंच उठतं, मग समरची गरजच काय. आणि नाहीच वर गेला तर प्रोग्रॅममधून काढल्याचं पत्र येईल, त्यावर शाळेच्या सुपरिंटेंडेंटकडं अपील करता येतं पण त्याला फक्त पाच कामाचे दिवस मिळतात. म्हणून मेमध्ये निकाल लागेपर्यंत ताईंनी ईमेल रोज बघायचा, भारतात येऊन लग्नाच्या गडबडीत पत्र तसंच पडून राहायला नको. एक अजून, हे सगळं शाळेच्या प्रोग्रॅमचं झालं, कॉलेजचं स्वतःचं प्रोबेशन वेगळं असतं, त्याचे नियम त्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये मिळतील, तेवढं काउन्सेलरला आत्ताच विचारून घ्या. तिकीट मात्र निकालाची तारीख बघून त्यानंतरचं काढा.

सातरस्ता_मामा:
कळलं वहिनी. काउन्सेलरला कॉलेजच्या नियमांचं विचारायला सांगतो, आणि तिकीट मेच्या शेवटच्या आठवड्यातलं बघतो.