उकडलेलं अंडं गुळगुळीत सोलून निघावं म्हणून काय करता? (अनुभव धागा)

तर्रीबाज (धागाकर्ती):
अंडाकरीचा रस्सा फक्कड जमतो, पण वर तरंगणारी अंडी कुरतडल्यासारखी दिसतात. टरफलाबरोबर निम्मं पांढरं जातं, बलक डोकावतो. बाजारातली ट्रेची अंडी त्यातल्या त्यात बरी, पण गावाहून आलेली गावरान अंडी म्हणजे नुसता छळ. तुमच्याकडे काय करतात ते सविस्तर लिहा. "मीठ घाल, झालं" एवढंच लिहिणाऱ्यांना रस्सा मिळणार नाही.

डबेवाली मावशी:
माझी पुण्यात खानावळ आहे, बुधवारी आणि रविवारी अंडाकरी असते. पहिली गोष्ट, अंडी आली त्याच दिवशी उकडायची नाहीत. ट्रे आठवडाभर आधी आणून ठेवते. दुसरी, गार पाण्यात अंडी टाकून गॅस पेटवायचा नाही. पाणी खळखळ उकळलं की झाऱ्याने एकेक अंडं हळूच आत सोडायचं, आच जरा कमी करायची आणि ११ मिनिटं घड्याळ लावायचं. फ्रिजमधली असतील तर १२. मग लगेच गार पाण्यात. ते पाणी कोमट झालं की ओतून परत गार.
सोलताना पातेल्यात थोडंसंच पाणी ठेवते आणि झाकण धरून पातेलं हलवते. अंडी एकमेकांवर आपटून टरफलाला सगळीकडून बारीक तडे जातात. मग अंड्याच्या बोथट टोकाकडून सुरुवात. तिथे हवेची पोकळी असते, पापुद्रा बोटाच्या चिमटीत येतो. पापुद्रा हाताला लागला की टरफल आपोआप येतं. तो आत राहिला की झाली भानगड.

प्रयोगवही:
मावशींचं बरोबर आहे, कारण सांगतो. ताज्या अंड्याच्या पांढऱ्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे त्याचा पीएच (आम्लपणा मोजायचा आकडा, आम्लपणा कमी तितका आकडा मोठा) साधारण ७.६ असतो. दिवस जातात तसा हा वायू टरफलाच्या छिद्रांतून निसटतो आणि पीएच ९ च्या पुढे जातो. पीएच कमी असताना उकडलेलं पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट धरून बसतं, वाढला की पकड सुटते. गावरान अंडं चिकटतं ते जातीमुळे नाही, ताजेपणामुळे. उकळत्या पाण्यात सोडण्याचं कारण वेगळं: बाहेरचा थर झटकन आळतो, त्याला पापुद्र्याला चिकटायला सवड मिळत नाही. गार पाण्यापासून हळूहळू तापवलं की तीच सवड आपण देतो.

परसबाग:
आठवडाभर थांबायचं म्हणे! आमच्या चिपळूणच्या घरी सकाळी खुराड्यातून काढलेली अंडी दुपारी पोरं मागतात. मी मोदकपात्रात वाफवते. पाण्याला दणदणीत वाफ आली की चाळणीवर अंडी मांडायची, झाकण, १२-१३ मिनिटं. ताजी अंडीसुद्धा बऱ्यापैकी सुटतात. अगदीच हट्टी निघालं तर पाण्यात बुडवून सोलायचं. पाणी पापुद्र्याखाली शिरतं. (तेच मोदकपात्र चतुर्थीला वापरत नाही. सासूबाई हा धागा वाचत नाहीत, तरी सांगून ठेवते.)

न्यूजर्सीकर:
इकडे अंडी धुऊन, फ्रिजमध्ये ठेवूनच विकतात, त्यामुळे घरी येईपर्यंत ती जुनी झालेली असतातच. मी इन्स्टंट पॉट (विजेवर चालणारा प्रेशर कुकर) लावते. एक कप पाणी, जाळीवर अंडी, ५ मिनिटं प्रेशर, ५ मिनिटं तसंच ठेवून मग वाफ सोडायची, ५ मिनिटं बर्फाच्या पाण्यात. टरफल दोन तुकड्यांत निघतं.

आंबटगोड:
साध्या कुकरला काय करायचं? आमच्याकडे तीन शिट्ट्या करतात. अंडी सुटतात, पण बलकाभोवती हिरवं कडं येतं आणि वास मारतो.

प्रयोगवही:
@आंबटगोड, तीन म्हणजे फारच झाल्या. जास्त शिजलं की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह मिळून ते हिरवट कडं तयार होतं. खायला काही धोका नाही, चव मात्र जाते. एक शिट्टी झाली की गॅस बंद, मग लगेच गार पाण्यात.

जुना फौजी:
लेहला पोस्टिंग होतं. साडेतीन हजार मीटरवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. ११ मिनिटांनी फोडलं तर बलक मऊच. तिथे कुकरशिवाय गत्यंतर नाही. महाबळेश्वरला सहलीला जाणाऱ्यांनीही एखाद-दोन मिनिटं वाढवा.

रात्रीचा फेरफटका:
मीठ, व्हिनेगर, सोडा या भानगडीत पडू नका. मिठाचा उपयोग एवढाच की अंडं तडकलं तर बाहेर येणारं पांढरं लगेच आळतं, पाण्यात फेस पसरत नाही. सोलण्यात त्याने फारसा फरक मला तरी दिसला नाही. सोड्याने घरभर वास.
आमच्या कोपऱ्यावरच्या हातगाडीवाल्याकडे बघा. गरम अंडं फळीवर ठेवून तळव्याखाली अलगद एक फेरी लाटतो, बोटं गार पाण्यात बुडवतो आणि कमरेचं टरफल पट्टीसारखं ओढतो. उरतात दोन टोप्या, त्या अंगठ्याने उडवतो. मग ताणलेल्या दोऱ्याने अंड्याचे दोन भाग, वर मीठ, तिखट, कांदा. सुरीला बलक चिकटतो, दोऱ्याला नाही.

तर्रीबाज (धागाकर्ती):
मावशी, रविवारी तुमच्या पद्धतीने करते. गावरान अंड्यांवर आजची तारीख पेन्सिलने लिहून ठेवली आहे. दोऱ्याचं मात्र एक विचारायचंय: रस्श्यात सोडायच्या आधी अंडी कापता की अख्खी ठेवून नुसत्या चिरा देता?

डबेवाली मावशी:
अख्खी. उभ्या चार चिरा, हळद-तिखटाच्या तेलात जरा परतायची, मग रस्श्यात. कापलेली सोडलीस तर बलक विरघळून रस्सा गढूळ होतो.